दराच्या रकान्याशेजारची तारीख

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगणकविषयक अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,



मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, पदवी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संगणक शिकवते. त्याआधी सहा वर्षे दूध संस्था आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रामर होते. आपल्या बैठकीत बसण्याचा अधिकार मला नाही. पण आपण ठरवलेला अभ्यासक्रम वर्गात जाऊन शिकवायचा, तोंडी परीक्षा घ्यायच्या आणि जूनमध्ये दारात आलेल्या पालकांना उत्तर द्यायचे, ही कामे माझ्यासारख्यांच्या वाट्याला येतात. तेवढ्या नात्याने हे पत्र लिहिते आहे.

बारावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवसांत पालक येऊ लागतात. हातात मार्कशीटची झेरॉक्स, सोबत मुलगा किंवा मुलगी, आणि प्रश्न ठरलेला: "मॅडम, कॉम्प्युटरला घालायचंय. बीसीए घेऊ, बीसीएस घेऊ, का ते बीबीए-सीए?" एकाच गावात, कधी कधी एकाच इमारतीत, या तिन्ही पाट्या असतात. मुंबईच्या मामाने बीएस्सी आयटी सुचवलेले असते, ती चौथी. 2024 मध्ये बीसीए आणि बीबीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले, त्याच वर्षी राज्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदा सीईटी झाली, आणि कित्येक मुलांना तिचा पत्ताच नसल्याने ती दुसऱ्यांदा घ्यावी लागली. काही ठिकाणी सीईटी टाळायची म्हणून कोर्सचे नावच बदलले. पालकांचा गोंधळ आणखी वाढला. त्या नावांचा निकाल आपण आणि शासन मिळून कधीतरी लावालच. मला पाटीच्या आत काय शिकवले जाते त्याबद्दल बोलायचे आहे.

पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या मुलाला गणित मिळते, इलेक्ट्रॉनिक्स मिळते, पण जमा आणि नावे यांत फरक काय, हे त्याला कोणी सांगत नाही. वाणिज्य शाखेतल्या बीबीए-सीएच्या मुलीला खतावणी येते, पण संच आणि संबंध यांचे गणित तिच्या वाट्याला जेमतेम येते. पुढे दोघांना काम मिळते ते मात्र एकाच जातीचे. कारखान्याचा ऊस विभाग, बँकेची शाखा, दवाखान्याची बिलिंग खिडकी, कुठेतरी कुणाच्या तरी नोंदी सांभाळायच्या असतात. काय नोंदवायचे, कोण नोंदवणार, ते कोण वाचणार, चुकले तर कोणाच्या पदराला खार लागणार, हे या कामाचे मूळ प्रश्न. आपल्या अभ्यासक्रमात त्यांच्यासाठी 'सिस्टीम ॲनालिसिस' नावाचा एक पेपर मध्येच कुठेतरी येतो. मुले आदल्या रात्री गाइडमधून एसडीएलसीचे टप्पे पाठ करतात आणि पास होतात.

मागच्या एका तोंडी परीक्षेत एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. प्रोजेक्ट 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम'. ब्लॅक बुक सुरेख बांधलेले, सोनेरी अक्षरे. मी विचारले, "केस पेपर कधी पाहिलास का?" नव्हता पाहिला. त्याच्या टेबलात पेशंटचे नाव आणि तारीख मिळून प्रायमरी की केलेली. "एकाच दिवशी एकाच नावाचे दोन पेशंट आले तर?" मुलगा गप्प. नंतर बोलता बोलता कळले की प्रोजेक्ट शहरातून विकत आणला होता, आणि त्याची आई अंगणवाडी सेविका आहे. रोज रात्री जेवणे आटोपली की ती मुलांची वजने आधी वहीत आणि मग मोबाइलमध्ये भरते. दोन्हींत फरक पडला तर पर्यवेक्षिकेला काय सांगायचे या काळजीने कधी अकरा वाजतात. खरीखुरी माहिती प्रणाली त्या घरात रोज रात्री चालू असते. तीन वर्षांत एकाही शिक्षकाने त्या मुलाला तिकडे पाहायला सांगितले नाही. त्या शिक्षकांत मीही आहे, म्हणून हे जास्त टोचते.

हे माझ्या मनात का बसले आहे ते सांगायला मला माझ्या पहिल्या नोकरीत जावे लागेल.

एका दूध संस्थेचे संकलनाचे सॉफ्टवेअर माझ्याकडे आले. ऑफिसमध्ये मला दोन पानी कागद मिळाला: सभासदाचा कोड, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. मी टेबले केली. दरपत्रकाचे टेबल वेगळे: उभे फॅट, आडवे एसएनएफ, गाईच्या दुधाला 3.5 आणि 8.5 हा पाया, तिथून पॉइंटागणिक दर वर-खाली. कॉलेजात नॉर्मलायझेशन शिकले होते. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, पुन्हा पुन्हा लिहू नये. म्हणून संकलनाच्या नोंदीत मी दर ठेवलाच नाही. बिल छापताना प्रोग्रामने दरपत्रकातून दर उचलायचा आणि लिटरने गुणायचे. डेमो छान झाला. संस्थेत ते सुरूही झाले.

दुधाचे बिल दर 10 दिवसांनी निघते. तिसऱ्या महिन्यात 16 तारखेपासून दर वाढला. सचिवांनी स्क्रीनवर नवा दर भरला. वीस तारखेला बिले काढून पाहिली, तर 11 ते 15 चे दूधही नव्या दराने धरलेले. संस्थेला फटका बसणार म्हणून त्यांनी घाईने जुना दर परत घातला. आता 16 पासूनचे दूधही जुन्या दरात गेले. तशीच बिले वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनाला मी केंद्रावर होते. एक आजी आल्या. रोजच्या छापील चिठ्ठ्या त्यांनी सुतळीत ओवून ठेवल्या होत्या, दहा दिवसांच्या वीस. त्यांना वाचता येत नव्हते. बेरीज नातवाने करून दिली होती. ती बेरीज बरोबर होती आणि माझे बिल चूक होते. फरक काही फार मोठा नव्हता, पण त्या पैशांवर त्यांनी पशुखाद्याचे पोते धरून ठेवले होते. आजी माझ्यावर रागावल्या नाहीत. मशीन असं का करतं, एवढंच त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आले नाही.

सचिवांनी ड्रॉवरमधून जुनी वही काढली. कॉम्प्युटर आल्यावरही ते ती लिहीत होते. मधल्या रकान्यांत तेच आकडे, जे माझ्या टेबलात होते. पण लाल रेघेबाहेर, समासात, निळ्या शाईत लिहिले होते: '16 सकाळपासून नवा दर'. त्याच्या खालीवर आणखी बरेच काही. 'लाइट नाही, नोंद हाताने.' 'कोड 224 सासऱ्यांच्या नावे, दूध सून घालते.' 'पोते 1, पुढच्या बिलात कापणे.' 'वासरू गेले, चार दिवस दूध नाही.' माझ्या प्रोग्राममध्ये जे जे नव्हते ते सगळे त्या समासात होते. वीज गेल्यावर हाताने झालेली नोंद ओळखायची कशी, सभासद एक आणि दूध घालणारी दुसरी असेल तर पैसे कोणाच्या खात्यावर, आजची उचल उद्याच्या बिलात कशी जाणार, हे प्रश्न सचिवांनी वर्षानुवर्षे समासात सोडवले होते. मी ती वही एकदाही उघडून पाहिली नव्हती. बघायची असते, हे मला कोणी शिकवले नव्हते.

दुरुस्ती किरकोळ होती. दरपत्रकात 'लागू दिनांक' हा एक रकाना वाढवला, आणि ज्या दराने चिठ्ठी निघाली तो दर संकलनाच्या नोंदीतच कायमचा लिहून ठेवला. त्या दिवशीचा दर ही त्या दिवसाची घडलेली गोष्ट आहे, ती नंतर बदलत नाही, एवढे समजले की नॉर्मलायझेशनचा नियमही मोडत नाही. पण हे मला वर्गात समजले नाही. ते समजायला आजींची सुतळी लागली.

सन्माननीय सदस्यहो, या विषयाचा जन्मच कागद वाचण्यातून झाला आहे. लंडनच्या लायन्स या चहा आणि बेकरीच्या कंपनीने स्वतःच्या हिशेबासाठी लिओ नावाचा संगणक बांधला आणि नोव्हेंबर 1951 मध्ये बेकरीच्या मालाचा हिशेब त्यावर नेमाने चालू केला. धंद्याच्या कामाला संगणक जुंपण्याचे हे जगातले पहिले उदाहरण मानतात. पण त्या कंपनीत कारकुनांच्या कामाचा, त्यांच्या फॉर्मांचा, चिठ्ठ्यांच्या वाटेचा अभ्यास करणारे स्वतंत्र कार्यालय 1930 च्या दशकापासून होते. यंत्र नंतर आले. पुढे 1973 मध्ये अमेरिकेतल्या एसीएम या संघटनेने माहिती प्रणालीच्या पदवीचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातही संस्थेच्या कामकाजाकडे झुकणारी आणि तंत्राकडे झुकणारी अशा दोन वाटा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. आपल्याकडे त्या दोन वाटा दोन शाखांत विभागल्या गेल्या, आणि त्यांची गाठ घालून द्यायचे राहून गेले.

माझी मुख्य मागणी एकच आहे. पदवीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक दोन विद्यार्थ्यांना गावातली एक वही द्या आणि सहाही सत्रे ती त्यांच्यापाशी राहू द्या.

वही कसलीही चालेल. दूध केंद्राची, पिग्मी एजंटची, ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीची, मेडिकलच्या उधारीची, पिठाच्या गिरणीची. पहिल्या सत्रात कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मालकाची परवानगी घेऊन शेजारी बसायचे, नोंद कशी होते ते पाहायचे, समासात काय लिहितात ते उतरवून घ्यायचे. पुढे तीच वही स्प्रेडशीटमध्ये, मग टेबलांत, मग स्क्रीनवर. एसक्यूएल, प्रोग्रामिंग, संख्याशास्त्र, हिशेब, हे सगळे विषय आपण आज शिकवतो तसेच शिकवायचे. फक्त प्रत्येक विषयाच्या प्रात्यक्षिकाला कर्मचारी आणि विभागांची तीच ती पुस्तकी टेबले न घेता त्या मुलांची स्वतःची वही घ्यायची. पहिल्या सत्रात पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ कधी कधी चौथ्या सत्रात लागतो, म्हणून वही एकच हवी आणि ती लांबपर्यंत हवी.

पाचव्या सत्राकडे आपले विशेष लक्ष वेधते. बँकांत आणि संस्थांत कॉम्प्युटर आला तेव्हा काही महिने वही आणि मशीन दोन्ही चालवायचे, रोज संध्याकाळी ताळा करायचा, अशी पद्धत होती. तेच मुलांकडून एक महिना करून घ्यावे. वही आणि त्यांचे सॉफ्टवेअर शेजारी शेजारी, आणि तिसरी एक वही फरकांची: आज कुठे जुळले नाही, का जुळले नाही, चूक वहीची की प्रोग्रामची, त्यावर काय केले. गुण या फरकांच्या वहीला द्यावेत. ज्या जोडीला 30 दिवसांत एकही फरक सापडला नाही तिला मी तरी पूर्ण गुण देणार नाही. ती जोडी केंद्रावर गेलीच नसावी. अशी वही विकत मिळत नाही. गल्ली, गिऱ्हाईक, वीज जाण्याची वेळ, सगळे त्यात असते.

यासाठी नवे क्रेडिट मागायची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपण तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या पदवीला 160 क्रेडिट धरले आहेत, आणि त्यांत क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्क आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना जागा ठेवलेली आहे. आज त्या जागेत काय होते ते मी पाहते. तालुक्याच्या मुलाला ट्रेनिंगला घेणारी कंपनी जवळपास नसते. मग पैसे भरून प्रमाणपत्र देणारी दुकाने निघतात आणि मुलाच्या बापाचे दोन-चार हजार रुपये जातात. दूध केंद्र मात्र आमच्याकडे बहुतेक गावांत आहे.

अडचण खरी एकच आहे आणि ती मला लपवायची नाही. ऐंशी मुलांच्या चाळीस वह्या पाहायला कोणीतरी गावोगाव गेले पाहिजे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, केंद्रावर पहाटे सहाला जाण्याचे मिळत नाहीत. ते जाणे कार्यभारात धरले जावे, अशी शिफारस आपण अभ्यासक्रमाबरोबरच करावी. ती नसेल तर ही योजना कागदावर राहील आणि चाळीस वह्या घरी बसून लिहिल्या जातील.

आता बाहेर पडण्याच्या दारांविषयी. एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. गरीब घरातल्या मुलींसाठी ही दारे फार महत्त्वाची आहेत; पहिल्या वर्षानंतर लग्न ठरल्याने जाणाऱ्या मुली माझ्या वर्गात दरवर्षी असतात. पण पहिले वर्ष आपण सी मधली चिन्हे, संगणकाच्या पिढ्या आणि बायनरी बेरजा यांत घालवले, तर त्या प्रमाणपत्राने तिला काय येईल? तिने वही वाचून ती स्वच्छ तक्त्यात आणायची, चुका शोधायच्या, महिन्याचा गोषवारा काढायचा, हे पहिल्या वर्षात आले तर पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात, बचत गटात तिला उभे राहता येते. आधी टेबल आणि नंतर पॉइंटर, असा क्रम लावायला माझी हरकत नाही. सी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे पटत नाही हे मला माहीत आहे.

आणि मराठी. 'क्षीरसागर' हे आडनाव घ्या. आपल्याला त्यात पाच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ती नऊ चिन्हे होतात, यूटीएफ-8 मध्ये 27 बाइट. आमच्या जर्नलातल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये नावासाठी 20 बाइटची जागा ठेवलेली असते, त्यामुळे वर्गातल्याच मुलीचे आडनाव तिच्याच भाषेत त्यात मावत नाही. डेटाबेसचा रकाना चुकीच्या प्रकारचा निवडला की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. ती कुठून आली हे पदवीच्या मुलाला सांगता येत नाही, कारण अभ्यासक्रमात हा विषयच नाही. जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणणे, 'शंकर' आणि 'शङ्कर' एकच माणूस आहे हे ओळखणे, आधार, दहावीचे प्रमाणपत्र आणि सातबारा यांवरची तीन वेगळी नावे जुळवणे, महाराष्ट्रातल्या नोंदींचे निम्मे दुखणे इथे आहे. जिथे शिष्यवृत्तीचा अर्ज नावातल्या एका अक्षराने अडकतो, तिथे हा विषय ऐच्छिक ठेवून चालणार नाही. निदान दोन क्रेडिटचा, सक्तीचा करा.

टर्बो सी मात्र आता बंद करा. 1998 मध्ये सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण आले, त्याच्याही आधीचा तो कंपायलर आहे, आणि कित्येक प्रयोगशाळांत आजही डॉसचे सोंग आणून तो चालवला जातो. दुसरे, 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा पहिल्या वर्षीच शिकवा, कारण वही हातात घेणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे की सभासदांच्या आधार क्रमांकांचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा नसतो.

एक गोष्ट अलीकडची. मुले आता प्रोग्राम चॅटजीपीटीकडून लिहून आणतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. मीही एकदा दूध संकलनाचे सॉफ्टवेअर मागून पाहिले. काही मिनिटांत टेबले, स्क्रीन, बिल, सगळे तयार. दरपत्रकात दराचा रकाना होता. शेजारी तारीख नव्हती. मी तारखेबद्दल विचारल्यावर ती लगेच आली. माझ्या वर्गातल्या मुलांना ते विचारायचे सुचावे, एवढ्यासाठी मला ती वही हवी आहे.

आपली पुढची बैठक कधी आहे ते कळवावे. त्या संस्थेचे सचिव आता निवृत्त झाले आहेत, पण वह्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत आणि त्या दाखवायला ते तयार आहेत. मी त्यांना घेऊन येईन. त्यांना बैठकीत अर्धा तास द्यावा. सकाळचे संकलन नऊला आटोपते, त्यानंतर कोणतीही वेळ त्यांना चालेल.

आपली,
तासिका तत्त्वावर संगणक शिकवणारी एक शिक्षिका